कौलांखालचे अस्तर: जव्हार-मोखाड्यातील छपरांचा आढावा

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवर सगळीकडे एकच काम चाललेले असते. घरावर एक माणूस चढलेला, खाली दोघेतिघे हातोहात कौले झेलणारे, अंगणात फुटक्या कौलांचा ढीग आणि शेजारी नव्या चिरलेल्या बांबूची मोळी. पावसाआधीची ही शाकारणी. सह्याद्रीच्या उताराला लागून असलेल्या या दोन तालुक्यांत वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इथली असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर जातात. ती परततात तेव्हा छपरासाठी हाताशी उरतात जेमतेम तीन-चार आठवडे. त्यातच राबाची तयारी, बियाण्याची जुळवाजुळव आणि एखाद्या घरचे लग्न.

छपराविषयी बोलणे निघाले की ते बहुधा वरच्या थराविषयी असते. गवत बरे की कौल, कौल बरे की पत्रा, पत्रा बरा की स्लॅब. त्या थराच्या खाली काय असावे, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) कशाच्या आणि किती अंतरावर ठोकाव्यात, कौल आणि रीप यांच्या मध्ये किंवा खाली एखादे अस्तर घालावे की पाखे (छपराची उतरती बाजू) उघडेच ठेवावे, हे प्रश्न सुतारावर सोपवून घरमालक मोकळा होतो. छप्पर गळते, कुजते किंवा उडते ते मात्र बहुतेक वेळा याच खालच्या दोन थरांमुळे. गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचे कागद, लोखंडी नळ्या आणि घरकुल योजनांचे आराखडे यांमुळे या थरांबाबत मतभेद वाढले आहेत.

गवत, नळीची कौले, मंगळुरी कौले

या भागातले जुने घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवताचे छप्पर. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा सगळ्याच समाजांत थोड्याफार फरकाने हीच रचना होती. वाशांवर बांबूच्या फाका आडव्या बांधायच्या, काही घरांत त्यावर सागाची किंवा पळसाची पाने पसरायची आणि मग गवताच्या पेंढ्या वळचणीपासून आढ्याकडे रचत न्यायच्या. पानांचा तो थर म्हणजे अस्तरच. गवतातून झिरपलेला थेंब पानावरून घसरून खाली निघून जाई.

नंतर कुंभाराच्या चाकावरची अर्धगोल नळीची कौले आली. या कौलाला मागे अडकायला नाक नसते. ते आपल्या वजनावर नुसते पडून राहते, म्हणून त्याच्याखाली जवळजवळ सलग बैठक लागते. बांबू किंवा कारवी दाटीवाटीने अंथरून, कधी वर तट्टा टाकून ती तयार होई. म्हणजे इथेही कौलाखाली एक अखंड थर होताच. त्याला वेगळे नाव देण्याची कुणाला गरज भासली नाही एवढेच.

खरा बदल मंगळुरी कौलाने केला. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन कारागिराने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. सपाट, खाचांनी एकमेकांत अडकणारी आणि मागच्या बाजूला नाक असलेली ही कौले जहाजांनी मुंबईत आणि तिथून उत्तर कोकणात पोहोचली. पुढे गुजरातेतल्या मोरबीसारख्या ठिकाणी याच घाटाची कौले निघू लागली. मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात बाजारपेठेतल्या सुखवस्तू घरांवर ती आधी चढली. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यानंतरच्या दशकांत ती पाड्यांवर पोहोचली.

मंगळुरी कौल रिपेला नाकाने लटकते. त्यामुळे दाट बैठकीची गरज संपली, लाकूड-बांबू वाचला, काम झपाट्याने होऊ लागले. पण त्याच फटक्यात कौलाखालचा सलग थरही गेला. आज ज्याला अस्तराचा वाद म्हणतात त्याचे मूळ इथे आहे. आधीच्या दोन्ही छपरांत अस्तर अंगभूत होते, तिसऱ्याने ते ऐच्छिक केले.

रिपांचे गणित

रिपांमधले अंतर सुतार ठरवत नाही, कौल ठरवते. सर्वसाधारण मंगळुरी कौल सुमारे ४१ सेंटिमीटर लांब असते. वरचे कौल खालच्यावर साधारण ८-९ सेंटिमीटर चढते, म्हणून दोन रिपांमध्ये ३२ सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडते. पण प्रत्येक कारखान्याच्या कौलात थोडा फरक असतो, आणि एकाच भट्टीतल्या कौलांतही असतो. म्हणून जाणता कारागीर फूटपट्टीवर विसंबत नाही. तो आलेल्या मालातली चार-पाच कौले उचलतो, जमिनीवर एकमेकांत बसवतो, नाकापासून नाकापर्यंतचे अंतर एका काठीवर खिळ्याने कोरून घेतो आणि मग तीच काठी आढ्यापर्यंत वर सरकवत प्रत्येक वाशावर खूण करतो. एका टोकाच्या वाशावर आणि दुसऱ्या टोकाच्या वाशावर खुणा झाल्या की मध्ये दोरी ताणायची. पाखे काटकोनात आहे की नाही ते कर्णाच्या दोन दोऱ्या मापून पाहायचे. जुन्या घराचे पाखे बहुधा नसतेच. मग कुठल्या टोकाला किती मारून न्यायचे हा अनुभवाचा भाग.

वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा जाड लागते. वरच्या प्रत्येक कौलाचे खालचे टोक दुसऱ्या कौलावर टेकते, पहिल्या ओळीला मात्र खाली कौल नसते. तिथे रीप कौलाच्या जाडीइतकी उचलली नाही तर पहिली ओळ खाली झुकते आणि तिच्यावरच्या ओळीत फट राहते. वाऱ्याबरोबर उलटा चढणारा पाऊस या फटीतूनच आत येतो. घाईत बांधलेल्या घरांत ही चूक फार दिसते.

आता हिशेब. २५ चौरस मीटरचे घर असेल तर वळचणी धरून छपराचे क्षेत्र सुमारे ४० चौरस मीटर होते. चौरस मीटरला साधारण १५ कौले, म्हणजे ६०० कौले. रिपा लागतात सव्वाशे मीटर. दोन इंच रुंद आणि एक इंच जाडीच्या चिरीव लाकडी रिपा घेतल्या तर साडेपाच घनफुटांच्या आसपास लाकूड. हा आकडा लहान वाटतो, पण ते लाकूड आणायचे कुठून हा इथला जुना पेच आहे. साग खासगी मालकीच्या जमिनीत असला तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. ऐन, धामण यांसारखी टिकाऊ झाडे जंगलात आणि जंगल वनखात्याचे. बांबूची स्थिती काहीशी सुधारली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

बांबूच्या चिरलेल्या रिपा हलक्या, लवचिक आणि स्वस्त. त्यांचा शत्रू भुंगा. तो बांबूतला स्टार्च खातो आणि रिपेचे पिवळे पीठ करून टाकतो. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू टिकतो ही समजूत पाड्यापाड्यांवर आहे. तोडीचा हंगाम महत्त्वाचा याबद्दल तज्ज्ञांतही दुमत नाही, कारण बांबूतला स्टार्च ऋतूनुसार कमीजास्त होतो. चंद्राच्या कलांबाबत मात्र एकमत झालेले नाही. बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आणि बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणातली प्रक्रिया या दोन्हींचा हेतू तोच, भुंग्याचे अन्न काढून घेणे किंवा ते विषारी करणे. यातली दुसरी रीत सरकारी बांबू कार्यक्रमांत शिकवली जाते, पण वळचणीच्या रिपांना ती पुरत नाही. बोरॉन पाण्यात विरघळते. जिथे पागोळीचा थेंब लागतो तिथून ते धुऊन जाते.

तिसरा पर्याय लोखंडाचा. चौकोनी नळ्यांचे वासे आणि त्यांवर वेल्डिंग केलेल्या रिपा हे दृश्य जव्हार शहरात आणि खोडाळ्यासारख्या बाजारगावांत आता सरसकट दिसते. वाळवी नाही, भुंगा नाही, वाकणे नाही. पण कौल बदलल्यावर अंतर बदलायचे झाले तर लाकडी रीप उपसून पुन्हा ठोकता येते, वेल्डिंग केलेली नाही. रंग उडालेल्या जोडावर दोन पावसाळ्यांत गंज धरतो. आणि दुरुस्तीला पाड्यावरचा माणूस पुरत नाही, वेल्डर आणि वीज लागते.

पाखे उघडे की झाकलेले

अस्तराबाबत ढोबळमानाने तीन मते आहेत. पहिले मत जुन्या कारागिरांचे आणि मातीच्या घरांवर काम करणाऱ्या काही वास्तुरचनाकारांचे. त्यांच्या मते कौलाखाली काहीही नको. मंगळुरी कौल छिद्रमय असते. पाणी शोषते आणि ऊन पडले की सोडते. खालून वारा खेळता राहिला तर कौल आणि रीप दोन्ही लवकर सुकतात. शिवाय घरात चूल आहे. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जातो, जाताजाता रिपा-वाशांवर काजळीचा थर चढवतो आणि किडीला दूर ठेवतो. धुरावर बांबू वाळवणे ही आशियाभर चालत आलेली पद्धत आहे, तेव्हा या म्हणण्याला आधार नाही असे नाही. पाखे उघडे असले की कुठले कौल फुटले ते आतून उजेडाच्या ठिपक्यावरून लगेच कळते, हा आणखी एक फायदा. काठीने ढोसून कौल सरळ करायचे काम घरातली म्हातारी बाईही करते.

दुसरे मत असे की हे सगळे ठीक, पण इथला पाऊस सरळ पडत नाही. जुलैतल्या वाऱ्या-पावसात कौलांच्या सांध्यांतून बारीक फवारा आत येतो आणि अंथरूण, धान्याची कणगी, मुलांची पुस्तके ओली होतात. पाख्याचा उतार तीस अंशांपेक्षा खाली गेला की हा त्रास वाढतो. हल्ली लाकूड वाचवायला उतार कमी ठेवण्याकडे कल असल्याने तो वाढतोच आहे. माकडांनी उड्या मारून कौले सरकवली तर संपूर्ण पावसाळा बादल्या मांडून काढावा लागतो. म्हणून कौलाखाली दुसरा पहारेकरी हवा, असे हे मत.

हा पहारेकरी कोणता, यावर दुसऱ्या मताच्या लोकांतच फाटाफूट आहे. पैसेवाल्यांच्या जुन्या घरांत कौलाखाली लाकडी फळ्या किंवा मंगळूरहूनच येणारी सपाट छताची कौले दिसतात. ती देखणी आणि थंड, पण वजनदार आणि महाग. बांबूचा तट्टा स्वस्त आणि गावातच विणता येतो. तो फवारा अडवतो, धार अडवत नाही. शहरी फार्महाऊसवर डांबरी कागद किंवा वाफ बाहेर जाऊ देणारे नव्या पद्धतीचे पडदे वापरतात. पाड्यांवर यातले काही पोहोचलेले नाही. तिथे पोहोचले ते प्लास्टिक: काळा किंवा निळा कागद, बाजारात मीटरवर मिळणारा.

प्लास्टिक लावण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींत गोची आहे. पहिल्या रीतीत कागद वाशांवर ताणून घालतात आणि त्यावर रिपा ठोकतात. कागद ताठ असल्याने प्रत्येक रीप त्याला वाशावर घट्ट दाबते. कौलातून आलेले पाणी कागदावरून खाली घसरते आणि पहिल्याच रिपेशी अडते. तिथे पाचोळा आणि कौलाची बारीक माती साचते, रीप चार महिने ओली राहते आणि खिळ्याच्या भोकातून पाणी आत येते. ज्या अस्तराने घर कोरडे ठेवायचे त्यानेच रिपा कुजतात. दुसऱ्या रीतीत कागद वाशांच्या खालून, घराच्या आतून बांधतात. मग तो छतासारखा लोंबतो. त्यात पाण्याचे फुगे तयार होतात, वर उंदीर धावतात, आणि चुलीचा धूर वर जाण्याऐवजी डोक्याच्या उंचीवर कोंडतो. वरचे कौल फुटले तरी आतून दिसत नाही. ते कळते तेव्हा वासा काळा पडलेला असतो.

धुराचा मुद्दा दोन्ही पक्षांना सोयीस्कर रीतीने वापरता येतो, हे इथे नोंदवायला हवे. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडण्या मिळाल्यानंतर चूल जाईल आणि अस्तराचा मार्ग मोकळा होईल, असे म्हणता येत होते. पण जिथे सरपण फुकट आणि टाकी भरायला पैसे लागतात तिथे गॅस आणि चूल शेजारी-शेजारी नांदतात, आणि पावसाळ्यात तर चूल ऊबेसाठीही पेटते.

तिसरे मत सगळ्यांत सोपे: कौलच नको. पत्रा टाका किंवा स्लॅब घाला. पत्र्याला रिपा कमी लागतात, शाकारणी लागत नाही, माकडांचा त्रास नाही. वीटभट्टीवरून उशिरा परतणाऱ्या कुटुंबासाठी हा मुद्दा छोटा नाही. उन्हाळ्यातली तगमग आणि पावसातला कानठळ्या बसवणारा आवाज ही त्याची किंमत. काही घरांत मधला मार्ग निघाला आहे: खाली पत्रा आणि वर कौले. पत्रा इथे अस्तराचे काम करतो. थंडावाही मिळतो आणि गळतीही थांबते. पण दोन छपरांचा खर्च पडतो आणि पत्र्यावर रिपा बसवताना पाणी खाली वाहायला वाट न ठेवल्यास वर सांगितलेलाच घोळ होतो.

वारा, वजन आणि हादरे

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले तेव्हा पालघर जिल्ह्यात अनेक घरांची छपरे उडाली. ऐन शाकारणीच्या दिवसांत हे घडले. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि नाशिकसाठी ३९ मीटर धरला आहे. जव्हार-मोखाडा या दोहोंच्या मधला प्रदेश. इतक्या वाऱ्यात छप्पर दाबले जात नाही, वर ओढले जाते. अशा वेळी कौलाचे वजन उपयोगी पडते. रिपांसह मंगळुरी छपराचे वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास धरतात. पत्र्याचे जेमतेम पाच-सहा किलो. चाळीस चौरस मीटरच्या पाख्यांचा हिशेब केला तर २,६०० किलोंच्या विरुद्ध दोनशे ते दोनशे चाळीस किलो. कौले सुटी सुटी उडतात, घराचा सांगाडा बहुधा राहतो. पत्रा हुकाच्या बोल्टांनी नीट आवळलेला नसेल तर सगळी पाखी रिपांसकट जातात.

पण तेच वजन दुसऱ्या संकटात अंगावर येते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्या हिवाळ्यात लोक घराबाहेर झोपले, प्रशासनाने तंबू वाटले. जव्हार-मोखाड्यातही हादरे जाणवले आहेत. हा सगळा भाग भूकंपाच्या तिसऱ्या श्रेणीत मोडतो. मातीच्या भिंतीवर अडीच टन कौले असतील तर हादऱ्यात काय होईल ही भीती अनाठायी नाही. त्यात पावसाळ्यातले पाणी मिळवा. भारतीय मानक ६५४ नुसार मंगळुरी कौलाने वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये. म्हणजे चांगल्या कौलांचे छप्परही भिजून काहीशे किलोंनी जड होऊ शकते.

इथे रिपांचे एक दुर्लक्षित काम पुढे येते. नीट ठोकलेल्या रिपा सगळ्या वाशांना एकमेकांशी बांधतात. त्यांच्याखाली, वाशांच्या आतल्या अंगाला, कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत एखादी तिरपी पट्टी मारली तर पाखे एकसंध हलते आणि वासे एकेकटे कलंडत नाहीत. एका घराला अशा चार पट्ट्या पुरतात. खर्च नगण्य. तरी ती पट्टी जुन्या घरांत क्वचित आणि नव्या घरांत जवळजवळ कधीच दिसत नाही.

पाटीच्या दगडाच्या मुलखात

रिपा आणि अस्तर यांवर जगात सर्वांत बारीक काथ्याकूट झाला तो स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या छपरांबाबत. महाराष्ट्राचा बेसाल्ट पापुद्र्यांनी सुटत नाही, म्हणून इथे तशी छपरे झाली नाहीत. हिमाचलातल्या कांगडा-चंबा भागात आणि उत्तराखंडातल्या पठालीच्या घरांवर ती आजही आहेत. १९०५ च्या कांगडा भूकंपानंतर जड छपरांचा धोका तिथेही चर्चेत आला.

ब्रिटनचा अनुभव जव्हारच्या वादाला जास्त जवळचा आहे. तिथेही एकेकाळी अस्तर नव्हते. इंग्लंडात स्लेटच्या खालच्या फटी चुन्याने लिंपत; स्कॉटलंडमध्ये स्लेट थेट फळ्यांवर ठोकत. विसाव्या शतकाच्या मध्यावर डांबरी कापडाचे अस्तर सर्वत्र आले, गळती थांबली आणि नवीच तक्रार सुरू झाली: घरातली वाफ अस्तराच्या खालच्या बाजूला दवासारखी साचून लाकूड कुजू लागले. मग वाफ जाऊ देणारे पडदे आले. त्यांवरही वळचण आणि आढ्याशी वाऱ्याला वाट ठेवावी की नाही, हा वाद चालू राहिला.

या सगळ्यातून दोन साध्या गोष्टी मात्र पक्क्या झाल्या. अस्तर वाशांवर ताणून न बसवता दोन वाशांच्या मध्ये बोटभर सैल सोडायचे, म्हणजे त्या खोलगट भागातून पाणी रिपेच्या खालून निघून जाते. आणि अस्तर सपाट फळ्यांवर असेल तर आधी वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या मारायच्या, त्यांवर आडव्या रिपा. पाण्याला आणि वाऱ्याला वर-खाली वाट मिळते. जव्हारमधल्या प्लास्टिकवाल्या छपराचा अर्धा आजार या दोन उपायांनी बरा होण्यासारखा आहे. उभ्या पट्ट्यांना बांबूची फाकही चालते. अस्तराचे खालचे टोक वळचणीच्या रिपेच्या पुढे, पागोळीपर्यंत आणले पाहिजे, नाहीतर सगळे पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते; मातीच्या भिंतीला ते परवडत नाही.

कागदावरचे छप्पर

सरकारी दप्तरात या थरांना जागा नाही. २०११ च्या जनगणनेत छताचे साहित्य विचारताना हाताने केलेली कौले आणि यंत्रावर केलेली कौले असे दोन वेगळे रकाने होते. त्याच वर्षीच्या सामाजिक-आर्थिक जात पाहणीत हाताच्या कौलांचे छप्पर कच्चे आणि यंत्राच्या कौलांचे पक्के धरले गेले. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घरकुलाचे लाभार्थी आधी याच पाहणीतून निवडले. त्यामुळे कुजलेल्या रिपांवर मंगळुरी कौले टेकलेली असली तरी कागदोपत्री ते छप्पर पक्केच.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट भागात १.२० लाख आणि डोंगरी-दुर्गम भागात १.३० लाख रुपये ठरले. कातकऱ्यांसाठी २०२३ च्या जनमन योजनेत ही रक्कम २ लाख आहे. राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजना वेगळी. कौलारू छप्पर यांपैकी कुठेही निषिद्ध नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तर स्थानिक साहित्याच्या प्रादेशिक घरनमुन्यांचे संकलनही काढले. पण हप्ता वेळेत मिळवायचा तर गवंडी, पत्रा आणि सिमेंट हाताशी असते. वाळवलेल्या रिपा आणि त्या ठोकणारा सुतार नसतो.

नुकसानभरपाईचेही तसेच. केंद्राच्या आपत्ती निवारण निकषांनुसार घराचे किमान १५ टक्के नुकसान झाले तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मिळतात. या पैशात कौले येतील किंवा रिपा येतील, दोन्ही येणे कठीण. लोक साहजिकच दिसणारे भोक आधी बुजवतात. जुन्या, अर्धकुजक्या रिपांवर नवी कौले चढतात.

अजून न सुटलेले

तीन प्रश्न खुले आहेत. पहिला, चूल असलेल्या घरात अस्तर कसे घालावे. आढ्याशी वीतभर उघडी फट ठेवून तिच्यावर उंचावलेली कौले बसवणे हा एक मार्ग सुचवला जातो. जुन्या स्वयंपाकघरांवर तसे धुराडे असेही. पण वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिथून आत येतो, यावर तोडगा निघालेला नाही. दुसरा, प्रक्रिया केलेल्या बांबूच्या रिपा खऱ्या वळचणीत किती वर्षे टिकतात. तिसरा प्रश्न माणसांचा. पाख्याला काठी लावून रिपा मारणारे हात वीटभट्टीवर आणि बांधकामावर गेले आहेत, आणि बांबू कारागिरीचे जे प्रशिक्षण चालते ते टोपल्या, आकाशकंदील आणि राख्यांचे.

तोवर एक निवाडा करता येतो. ज्या घरात चूल पेटते तिथे उतार तीस अंशांच्या वर ठेवून पाखे उघडे ठेवलेले बरे, झोपायच्या जागेवर तेवढा बांबूचा तट्टा घालावा. जिथे स्वयंपाक वेगळ्या पडवीत होतो तिथे अस्तर जरूर घालावे, पण सैल, आणि उभ्या पट्ट्यांवर. ताणलेल्या प्लास्टिकवर थेट ठोकलेली रीप कुठेच नको.

घरकुलाच्या प्रत्येक टप्प्यावर ग्रामपंचायतीकडून किंवा अभियंत्याकडून जागेच्या खुणेसह फोटो काढला जातो आणि पुढचा हप्ता त्यावर सुटतो. कौलारू घरांसाठी त्यात एका फोटोची भर घालावी: कौले चढण्याआधी, आतून वर पाहताना दिसणाऱ्या रिपांचा.